मेडिची आहेत का घरी?

इटलीत अकरा दिवस राहून मी इटालियन भाषेतला एक शब्द पक्का शिकलो. 'क्यूझो'. म्हणजे बंद. हा शब्द मी पाट्यांवर वाचला, रखवालदारांच्या तोंडून ऐकला, आणि एका फाटकाच्या गजांतून आमच्याकडे बघणाऱ्या जाड्या कुत्र्याच्या चेहऱ्यावरही मला तो स्वच्छ वाचता आला. 'नमस्कार', 'आभारी आहे' वगैरे मंडळी मी विमानात पाठ केली होती. पण ती वापरायची तर समोर दार उघडणारं माणूस लागतं.

या सगळ्याच्या मुळाशी आमचे साडू. साडू हे नातंच चमत्कारिक. भाऊ म्हणावं तर रक्त वेगळं, मित्र म्हणावं तर निवड आपली नाही. एकाच सासऱ्याचे दोन अंदाज चुकले की दोन साडू तयार होतात. आमचे साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात कालवे मोजण्यात गेल्यामुळे जे मोजता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांचा मुलगा बोलोन्याला नोकरीला. त्याने आईबापाला बोलावलं, मेव्हणीने धाकट्या बहिणीला ओढलं, आणि धाकट्या बहिणीच्या सामानात मी गेलो.

आमची अपेक्षा साधी होती. पिसाचा मनोरा हाताने सावरतानाचा एक फोटो काढावा, आइस्क्रीम खावं, परत यावं. पण साडूंनी कोल्हापूर सोडण्यापूर्वीच कुठल्याशा पुस्तकात वाचलं की फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याने पंधराव्या ते सतराव्या शतकात आजूबाजूच्या टेकड्यांवर जे बंगले बांधले, त्यांतले बारा बंगले आणि दोन बागा युनेस्कोने 2013 साली जागतिक वारशाच्या यादीत घातल्या आहेत.

"बारा अधिक दोन, चौदा," साडू म्हणाले. "अष्टविनायक अडीच दिवसांत होतात. त्या हिशेबाने चौदा व्हिला साडेचार दिवसांत व्हायला काय हरकत आहे?"

"अष्टविनायकाला बस असते," मी म्हणालो.

"पोरगा गाडी देणार आहे."

पोराने गाडी दिली. स्वतः मात्र ऑफिसचं काम काढून बोलोन्यालाच राहिला. बाप ओळखून होता.

आता मेडिचींबद्दल थोडं सांगायला हवं. मूळ धंदा सावकारी. पेढी अशी चालली की पुढे घरात पोप झाले, दोन मुली फ्रान्सच्या राण्या झाल्या आणि व्याजाचा विषय निघेनासा झाला. अडचण एकच. या घराण्यात मुलगा झाला की कोझिमो, लोरेन्झो, जोव्हानी किंवा पिएरो यांतलं एक नाव ठेवायचं, आणि चारही संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव देतात, त्यामुळे शाळेत पेशवाईचा धडा आला की बाजीराव कितवा आणि माधवराव कोणाचा यात माझे हमखास चार मार्क जायचे. इथे तर पहिला कोझिमो हा खरा पहिला कोझिमो नव्हेच, त्याच्या आधी एक थोरला कोझिमो होऊन गेला आहे! साडूंनी वहीत वंशावळ काढली होती. तिसऱ्या दिवशी तिच्यावर कॉफी सांडली आणि दोन लोरेन्झो एकमेकांत मिसळले. खरं सांगायचं तर त्यानंतर आम्हाला काहीच फरक पडला नाही.

पहिल्या दिवशी मुजेल्लोच्या खोऱ्यातले दोन जुने बंगले. ट्रेब्बिओ आणि काफाज्जोलो. थोरल्या कोझिमोसाठी ही दोन्ही कामं मिकेलोत्सो नावाच्या वास्तुविशारदाने केलेली. विश्रांतीला बांधलेलं घर म्हणून बघायला जावं तर समोर गढी उभी. बुरूज काय, तटाचे कंगोरे काय! सावकाराला रानातसुद्धा शांत झोप लागत नसावी. ट्रेब्बिओ खाजगी मालकीचं, आधी कळवून यावं लागतं. आम्ही कळवलं नव्हतं. कळवायचं असतं हे साडूंना मान्यच नव्हतं. "देवळात जाताना कळवतो का आपण?" असं ते म्हणाले. काफाज्जोलोही आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. तिथे साडूंनी पुढच्या साऱ्या दौऱ्याला पुरून उरलेलं तत्त्व मांडलं.

"हे बघा राव, अंबाबाईला रांग मोठी असली की आपण काय करतो? मुखदर्शन. मुखदर्शनाचंही पुण्य मिळतं." असं म्हणून त्यांनी गाडीच्या काचेतून हात जोडले आणि वहीत दोन टिका मारल्या.

काफाज्जोलोची गोष्ट मी पुस्तकातून वाचून दाखवली, आणि तीच चूक झाली. 1576 च्या जुलैत पिएत्रो दे मेडिचीने आपल्या बायकोचा, लेओनोराचा, इथेच गळा दाबला. आणि आठवडाभरात पिएत्रोची बहीण इझाबेल्ला चेर्रेतो ग्विदीच्या बंगल्यावर अचानक गेली. तिलाही नवऱ्यानेच मारलं असं पिढ्यान् पिढ्या सांगतात, नुसती आजारी होती म्हणणारेही आहेत. मागच्या सीटवर बराच वेळ शांतता होती.

"दोघींनाही गावाकडच्या बंगल्यावर नेलं होतं का हो?" बायकोने विचारलं.

"हो. शिकारीला म्हणून."

"आणि आपण परवा त्या चेर्रेतो ग्विदीलाच चाललोय?"

"तिथे आता शिकारीचं म्युझियम आहे," साडू उत्साहाने म्हणाले. त्यानंतरचे दोन दिवस दोघी बहिणी हातात हात घालून आमच्या मागून दहा पावलांवर चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी ठेवून आम्ही बसने कारेज्जीला निघालो. हे फार मोठं ठिकाण. थोरला कोझिमो इथेच 1464 साली वारला, त्याचा नातू लोरेन्झो, ज्याला लोक 'भव्य' म्हणतात, तोही 1492 साली इथेच. लोरेन्झो गेल्यावर त्याचा वैद्य लवकरच एका विहिरीत मेलेला सापडला. वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार नोंदवायची ही त्या काळची पद्धत असावी. आता अडचण अशी, की कारेज्जी म्हटलं की फ्लॉरेन्सच्या माणसाला मेडिची आठवत नाहीत, तिथलं मोठं इस्पितळ आठवतं. बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना साडूंनी विचारलं, "कारेज्जी?" त्यांनी आमच्या चौघांचे चेहरे न्याहाळले, बायकोच्या गुडघ्याला बांधलेला पट्टा पाहिला, आणि डोळ्यांत पाणी आणून पर्समधून पुदिन्याच्या चार गोळ्या काढून दिल्या. आमच्याबरोबर स्वतः उतरून आम्हाला थेट अपघात विभागाच्या दारापर्यंत सोडलं. एवढ्या मायेपुढे "आम्हाला बंगला बघायचाय" असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्या नजरेआड होईपर्यंत आम्ही आत बाकावर बसून राहिलो. माझा नंबर कितवा आहे हे विचारायलाही एकजण येऊन गेला.

यानंतरच्या एका व्हिलाचं नाव सांगत नाही. दाराला साखळी, आणि साखळीवर पाटी. त्यावर 'इन रेस्तावरो' असं लिहिलेलं. साडूंचा चेहरा उजळला.

"बंद कुठे? आत रेस्टॉरंट काढलंय. चला, जेवणाचंही होऊन जाईल."

आम्ही चौघं त्या साखळीजवळ भुकेल्या पोटी वीस मिनिटं उभे. शेवटी हेल्मेट घातलेला एक गवंडी बाहेर आला. साडूंनी त्याला खुणेने 'चार माणसं' दाखवली आणि मग घास तोंडात घालण्याची खूण केली. तो बिचारा आत गेला आणि स्वतःच्या डब्यातला पावाचा अर्धा लांबडा तुकडा घेऊन आला. 'रेस्तावरो' म्हणजे डागडुजी, हे आम्हाला त्याच्या हातातल्या थापीवरून कळलं. पाव चांगला होता. टस्कनीत पावात मीठ घालत नाहीत, एवढीच काय ती उणीव. पण माझ्या बायकोच्या पर्समध्ये कांदालसूण मसाल्याची पुडी कायम असते.

आणखी एका ठिकाणी, त्याचंही नाव नको, 'महिन्याचा दुसरा आणि तिसरा सोमवार बंद' अशी पाटी. आम्ही गेलो तो सोमवारच होता. वाद असा की महिन्याचा पहिला सोमवार पहिल्या आठवड्यातला धरायचा, की महिना मंगळवारी सुरू झाला असेल तर तो आठवडा सोडून द्यायचा? साडूंनी वहीत कॅलेंडर आखून आजचा सोमवार हा चौथा ठरतो हे सिद्ध केलं. रखवालदाराने शांतपणे सगळं बघितलं, मान डोलावली, आणि साडूंच्याच पेनाने त्यांच्याच वहीत तो आकडा खोडून तीन केला. मग म्हणाला, "क्यूझो." मला त्याच्यात आपल्या तलाठी कार्यालयातलं कोणीतरी दिसलं. मन भरून आलं.

कास्तेल्लोला मात्र नशीब उघडलं, निदान बागेचं. ही बाग पहिल्या कोझिमोने 1538 साली त्रिबोलो नावाच्या माणसाकडून आखून घेतली. बोतिचेल्लीची शिंपल्यात उभी राहिलेली व्हीनस आणि 'वसंत' ही दोन्ही चित्रं पूर्वी या घरात होती, चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने ती इथेच पाहिल्याचं लिहून ठेवलंय. आता ती शहरातल्या उफित्सीत असतात. आमच्या वाट्याला लिंबं. शेकड्यांनी मातीच्या कुंड्या, त्यात लिंबं, संत्री, महाळुंगं आणि काही अशी फळं की देवाने अर्ध्यावर विचार बदलला असावा. त्यातलं एक झाड 'बिझ्झारिया'. एकाच फांदीवर आंबट नारिंग आणि महाळुंग, आणि कधी कधी एकाच फळात निम्मं निम्मं. हे झाड नाहीसं झालं असं लोक धरून चालले होते. 1980 साली ते पुन्हा सापडलं.

"याचं लोणचं घालायचं झालं तर कुठल्या मापाने मीठ घालायचं?" मेव्हणीने विचारलं. बोतिचेल्लीवर नाही, पण या प्रश्नावर दोघी बहिणी पाऊण तास बोलल्या.

साडूंना लिंबात रस नव्हता. त्यांना पाणी बघायचं होतं. मेडिचींच्या बागांत पाहुण्यांना भिजवायची सोय असे. पाहुणा पुतळे बघत उभा राहिला की माळ्याने लांबून कळ फिरवायची, आणि पायाखालच्या जमिनीतून बारीक बारीक कारंजी उडायची. माँतेन हा फ्रेंच लेखक 1580 साली इथे येऊन असाच भिजून गेला आणि त्याने ते प्रवासाच्या रोजनिशीत लिहून ठेवलं. एवढी सत्ता, एवढी संपत्ती, आणि करमणूक काय, तर होळीतली! साडू गुडघ्यावर बसून भोकं शोधू लागले. "पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर! आमच्या खात्यात असा माणूस असता तर..." वाक्य पुरं व्हायच्या आत हिरवळीवरचं यंत्र सुरू झालं आणि साडू कमरेपर्यंत भिजले. ते 1538 चं नव्हतं. गवताला पाणी घालायचं साधं फवारणी यंत्र होतं, गेल्या वर्षीचं असेल. पण साडू आजही सांगतात की आपल्याला मेडिचींनी भिजवलं, आणि मीही ते खोडत नाही. साडूंचं आणि माँतेनचं नाव एका वाक्यात यायची दुसरी संधी नाही.

याच बंगल्यात इटालियन भाषेची अकादमी आहे. 'आक्कादेमिया देल्ला क्रुस्का', स्थापना 1583. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेतला कोंडा चाळून काढायचा आणि पीठ ठेवायचं, अशी कल्पना. त्यांनी 1612 साली मोठा शब्दकोश काढला. जुन्या सभासदांची बोधचिन्हं भट्टीत पाव सारायच्या लाकडी फावड्यांवर रंगवलेली आहेत. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करतात, यांनी कोंड्याची अकादमी केली. मला हे फार आवडलं. आपल्या साहित्य संस्थांनी सभासदांना शाल-श्रीफळाऐवजी एकेक चाळण द्यायला सुरुवात केली, तर पहिल्या वर्षी ऱ्हस्वदीर्घाचे वाद मिटतील आणि दुसऱ्या वर्षी सभासद.

कास्तेल्लोपासून चालत जाण्याच्या अंतरावर पेत्राया. चालत जाण्याच्या अंतरावर म्हणजे चढावर. इथे फ्लॉरेन्स इटलीची राजधानी असताना, म्हणजे 1865 ते 1871 या काळात, राजा व्हिक्टर इमॅन्युएल उतरायचा. मधल्या चौकाच्या भिंती मेडिचींच्या पराक्रमांनी रंगवलेल्या होत्याच. राजाने वर काचेचं छप्पर घातलं आणि त्याचं नाचघर केलं. नवा मालक आला की आधी चौक झाकतो. आमच्या पेठेतल्या वाड्यातही हेच झालं, फक्त तिथे पत्रे आले.

आणि इथेच माझ्या बायकोने हा सगळा दौरा एका वाक्यात संपवला असता.

एका दालनात कमानीखाली बसतील अशी अर्धगोल चित्रं ओळीने लावलेली आहेत. जुस्तो उतेन्स या फ्लेमिश चित्रकाराने 1599 ते 1602 या काळात मेडिचींच्या बंगल्यांची ही चित्रं आर्तिमिनोच्या बंगल्यासाठी काढली. एकूण सतरा, त्यातली चौदा उरली. घारीने आकाशातून बघावं तसा एकेक बंगला, त्याचं अंगण, विहीर, झाडांच्या रांगा, वाटेवरची घोडागाडी. काफाज्जोलो आहे, ट्रेब्बिओ आहे, कास्तेल्लो आहे. पोज्जो आ कायानो आहे. बाहेरच्या बागेतला खड्डा न् खड्डा आहे. आणि चित्रात कुठेही साखळी नाही, पाटी नाही, सोमवार नाही.

बायको त्या दालनाच्या मधोमध उभी राहिली. सगळीकडे एकदा नजर फिरवली.

"अहो दाजी, किती आहेत ही?"

"चौदा."

"आणि तुमच्या यादीत किती?"

"चौदा."

"मग झाली की यात्रा! या मधल्या बाकावर बसू, सगळ्यांकडे बघून एकदा हात जोडू, आणि उद्या आइस्क्रीम खाऊ."

एक क्षण मला वाटलं की साडू मानतील. त्यांनी वही काढली, चित्रांखालची नावं यादीशी ताडून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला. चौदाला चौदा जुळेनात. उतेन्सच्या चौदांत पाच बंगले असे, जे युनेस्कोच्या यादीत नाहीत. आणि यादीतले कारेज्जी, फिएसोले, आर्तिमिनो असे पाच त्याच्या चित्रांत नाहीत. आर्तिमिनोचं चित्र नाही याचं कारण बायकोला लगेच उमगलं. "त्या घरातच बसून बाकीचे बघायचे होते ना त्यांना. घरात बसून घराचं चित्र कोण बघतं?" मेडिचींनासुद्धा आपले सगळे बंगले प्रत्यक्ष फिरून बघायचा कंटाळा होता, हा याचा सरळ अर्थ. ज्या माणसाने ही चित्रं काढून घेतली, तो फर्डिनांडो, माझ्या मते या घराण्यातला एकमेव शहाणा माणूस.

साडूंनी मात्र वहीत लिहिलं: एकूण एकोणीस.

पोज्जो आ कायानोला जाताना म्हणूनच गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. हा बंगला लोरेन्झोने जुलियानो दा सांगाल्लोकडून बांधून घेतला. इथे गढी नाही, बुरूज नाही. समोर ग्रीक देवळासारखं मुख आणि दोन्हीकडून वर जाणारे वळणदार जिने. आत मोठ्या दिवाणखान्यात आंद्रेआ देल सार्तोने रंगवलेली भिंत आहे, तिच्यात एक जिराफ दिसतो. हा जिराफ खरा होता. इजिप्तच्या सुलतान कैतबेने 1487 साली लोरेन्झोला भेट म्हणून पाठवला. साऱ्या फ्लॉरेन्सने खिडक्यांतून त्याला खाऊ घातलं. आणि मग गोठ्याच्या तुळईत मान अडकून तो मेला असं सांगतात. जिराफ आणला, पण गोठ्याची उंची कोणी मोजली नाही! साडू हे वाचून कळवळले. "एमबी लिहिली नसणार," म्हणाले. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख समजून घ्यायचा हा एकच मार्ग ठाऊक असतो.

याच बंगल्यात 1587 च्या ऑक्टोबरात गादीवरचा फ्रान्चेस्को आणि त्याची बायको बियांका एका दिवसाच्या अंतराने वारली. कोणी मलेरिया म्हणतं, कोणी सोमल. फ्रान्चेस्कोचा धाकटा भाऊ त्या वेळी पाहुणा म्हणून इथेच होता, कार्डिनल होता, आणि मग झगा उतरवून गादीवर बसला. हाच तो आमचा शहाणा फर्डिनांडो. मी त्याच्याबद्दलचं मत एक पायरी खाली आणलं. पुढे आलेल्या दोघी बहिणी पुन्हा मागे गेल्या.

वरच्या मजल्यावर फळाफुलांच्या चित्रांचं संग्रहालय आहे, आणि तिथे मात्र आमच्या दौऱ्याचं सोनं झालं. तिसऱ्या कोझिमोला शेतीबागेचं भारी वेड. त्याने बार्तोलोमेओ बिंबी या चित्रकाराला कामाला लावलं. एकेका चित्रात एकेका फळाच्या झाडून सगळ्या जाती. पेअरच्याच शंभराहून जास्त. पाट्यांवर, टोपल्यांत, प्रत्येक जातीला नंबर, आणि खाली कागदावर नंबरवार नावं. उफित्सीत व्हीनससमोर बायको दोन मिनिटं उभी होती, तीही पुढची रांग हलेना म्हणून. इथे बिंबीच्या पेअरसमोर ती तासभर. काचेला नाक लावून.

"हे चौऱ्याहत्तर नंबरचं बघ ताई, दबलेलं आहे."

"आणि खाली वेचलेलं घातलंय गं. वर चांगली मांडलीत, खाली दाबून बसवलीत."

तीनशे वर्षांपूर्वीच्या फळवाल्याला दोघींनी पकडला. संग्रहालयातली बाई जवळ येऊन "वेळ संपली" सांगू लागली, तर बायको तिला म्हणाली, "थांबा हो बाई, द्राक्षं राहिलीत." मराठीत. ती बाई थांबली. दहा मिनिटं थांबली. साऱ्या इटलीत जे साडूंच्या वहीला जमलं नाही, ते एका भाजी घेणाऱ्या आवाजाला जमलं.

बाकीचं मी भराभर सांगतो, कारण आम्हीही ते तसंच केलं. क्वार्रातातलं ला माजा घाईघाईत. पोज्जो इम्पेरिआलेला आता शाळा भरते, तिथे फाटकाशी घुटमळणाऱ्या साडूंना एकाने नातू कितवीत आहे ते विचारलं. सेरावेझ्झा लांब, समुद्राकडे, संगमरवराच्या डोंगरांत, त्याचं दर्शन मोबाईलवर. बोबोलीची बाग उघडी होती, फक्त ती उभी आहे, आडवी नाही. प्रातोलीनोला जाम्बोलोन्याचा दगडी राक्षस तळ्याकाठी वाकून बसलाय, डोंगराएवढा, दाढीतून शेवाळ आल्यासारखा. बंगला मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात पाडून टाकला. "हे बरं," बायको म्हणाली. "बंद असायची भानगडच नाही."

आर्तिमिनोला छपरावर इतकी धुराडी आहेत की लोक त्याला शंभर धुराड्यांचा बंगला म्हणतात. साडू अर्थातच मोजायला लागले. एका कोपऱ्यातून दिसणारी दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा दिसायची, म्हणून त्यांनी मला एका टोकाला उभं केलं आणि ओरडून आकडे सांगू लागले. त्या दिवशी तिथे लग्न होतं. त्रेचाळिसाव्या धुराड्यावर एका सुटाबुटातल्या माणसाने आम्हाला फोटोच्या ओळीत ओढलं, चौघांना. बहुधा नवरीकडच्यांना आम्ही नवऱ्याकडचे वाटलो आणि नवऱ्याकडच्यांना नवरीकडचे. कोणाच्या तरी अल्बममध्ये आता चार कोल्हापूरकर उभे आहेत, त्यातल्या एकाचं तोंड वर आहे आणि ओठांवर 'चव्वेचाळीस' आहे. लग्नघरातून उपाशी जायचं नाही म्हणून जेवलो. मेव्हणीने नवरीच्या हातात पन्नास युरोचं पाकीट दिलं, वर एक युरोचं नाणं चिकटवून. ती बिचारी ते नाणं परत द्यायला मागे धावली होती.

मेडिचींचा कलासंग्रह आज फ्लॉरेन्समध्ये उरला याचं श्रेय घराण्यातल्या शेवटच्या बाईकडे जातं. आन्ना मारिया लुइझा. भाऊ 1737 साली निपुत्रिक गेला, राज्य दुसऱ्यांकडे जाणार हे ठरलेलं. तिने नव्या धन्याशी करार केला की घराण्याची चित्रं, पुतळे, पुस्तकं यातलं काहीही फ्लॉरेन्समधून हलवायचं नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा गाडीत शांतता पसरली. आमच्या सासऱ्यांच्या पश्चात तांब्याचा बंब कोणी हलवला हा विषय आमच्या दोन घरांत अजून मिटलेला नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी गाडी थकली, आम्ही थकलो, वही भरली. मग मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हटलं, आता मी सांगतो तिथे चला. आर्नो नदीच्या काठाने कास्चीने नावाची लांबलचक बाग आहे. हीसुद्धा मेडिचींचीच, पण बंगला नव्हे. शिकार आणि गुराढोरांची जागा. नावाचा अर्थच गवळीवाडा. तिच्या पश्चिमेच्या टोकाला, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो, तिथे झाडांत एक छत्री आहे. आपल्या पद्धतीची, खांबांवर कळस. आत फेटा बांधलेल्या, विशीतल्या एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. 1870 साली इंग्लंड बघून परत निघाले होते. वाटेत इथे आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला वारले. फ्लॉरेन्सच्या लोकांनी संगमावर अग्निसंस्कार करू दिला. छत्री 1874 ची. जवळच्या पुलालाही नाव पडलंय, 'भारतीयाचा पूल'.

साडू वही न काढता हात जोडून उभे राहिले. मग आम्ही गवतावर सतरंजी टाकली. मेव्हणीने पिशवीच्या तळातून चुरमुऱ्याचा चिवडा काढला, इतके दिवस विसरलेला, थोडा मऊ पडलेला. कांदालसूण मसाल्याची पुडी निघाली. बायकोने गुडघ्याचा पट्टा सोडला. साडू पाच मिनिटांत घोरू लागले. एक इटालियन बाई कुत्रा घेऊन आली, आमच्याकडे बघून हसली, आणि मी अकरा दिवस जपून ठेवलेला नमस्कार तिला केला.

ही जागा युनेस्कोच्या त्या यादीत नाही. तिथे तिकीट नाही, आधी कळवावं लागत नाही, आणि ती सोमवारी उघडी असते.